अप्पांच्या सायकलचं मागचं टायर

माझं पहिलं बाळ दोन दिवस जगलं. मुलगी होती. माहेरी आई नव्हती, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण बोरीला सासरीच झालं. मुलीला आमच्या रीतीप्रमाणे मळ्यात पुरलं, आणि त्यानंतर मी बोलायची थांबले. ठरवून नव्हे. कुणी काही विचारलं की उत्तर मनात तयार असायचं, पण ते तोंडापर्यंत आणणं जमायचं नाही. भाकरी थापणं, धुणं, झाडलोट सगळं होत होतं. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेलाही बसत होते. आवाज तेवढा निघत नव्हता.

माझे मालक कापडाची गाठोडी घेऊन गावोगावचे आठवडी बाजार करायचे. मनानं मऊ माणूस, पण वय विशीचं. माझ्यासमोर आले की त्यांनाही काय बोलावं सुचायचं नाही आणि ते बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. उंच, आवाजानं कडक, लवकर विधवा झालेल्या. त्यांनी मला एकदाही बोल म्हणून सांगितलं नाही. पण माझ्या माहेरी पेडगावकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर त्यांनीच माझ्या वडिलांना निरोप धाडला होता, हे मला फार पुढे कळलं.

पुढच्या जुम्म्याला अप्पा सायकलवरून दारात उभे राहिले.

अप्पा परभणीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून चिमूटभर बाहेर काढायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे, आणि धागा किती लांब, किती चिवट, ओल किती, ते सांगायचे. मी एकुलती एक. लहानपणी अंगणात बसवून त्यांनी मलाही ते शिकवलं होतं. शेजारपाजारचे लोक हसायचे, पोरीला काय करायचंय म्हणायचे. निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. तेवढाच दिवस त्यांना मोकळा. सायकल घेतली होती ती रोज पेडगावहून परभणीला जायला. बोरी पेडगावहून आठ कोस. मध्ये दुधना नदीचं पात्र, तिथं सायकल हातात धरून वाळू तुडवायची, आणि पलीकडे नुसती गाडीवाट.

आमच्याकडे तेव्हा रीत अशी होती की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मला मूल झालं होतं आणि नव्हतंही. अप्पांनी कुणाला विचारलं नाही. येताना भाकरी फडक्यात बांधून आणली, फिरकीच्या तांब्यात पाणी आणलं, आणि ओट्यावर बसले. पाणी वाटेतच संपत आलं होतं. बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटत होती, ते आत्याबाईंनी दारातून पाहिलं. त्यांनी घागर उचलली, आडावर गेल्या, भरलेली घागर घरात न आणता थेट ओट्यावर टेकवली.

"ईवाई, हे गावच्या आडाचं पानी हाय," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "आमचा उंबरा वलांडला न्हाई यानं. घ्या तुमच्या तांब्यात."

अप्पांनी तांब्या पुढे केला. पाणी पिताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्या दिवसापासून दर जुम्म्याला आत्याबाई अप्पांसाठी आडावर जायच्या.

अप्पा बाळाबद्दल कधी बोलले नाहीत. ओट्यावर मी खांबाला टेकून बसायची, ते कापसाचं सांगायचे. कुणी वजन वाढवायला पाणी शिंपडून कापूस आणला, कुणाच्या गाडीत सरकी काळी निघाली. मग खिशातून एक पुडी काढून कापसाची चिमूट माझ्या तळहातावर ठेवायचे. "सांग बरं, कसा हाय?" मी मूठ मिटून बसायची. ते थोडा वेळ थांबायचे आणि दुसरं काहीतरी सांगायला लागायचे. ऊन कललं की निघायचे.

असे चार-पाच जुम्मे गेले असतील. एकदा त्यांनी चिमूट ठेवली आणि माझी बोटं आपोआप चालली. अंगठे जुळले, ओढलं, धागा लगेच सुटला.

"तोकडा," मी म्हणाले.

अप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, "हं. मलाबी तसंच वाटलं." एवढंच. आत आत्याबाईंचं जातं फिरायचं थांबलं होतं. थोड्या वेळानं ते परत सुरू झालं.

त्यानंतर मी बोलू लागले, पण जुम्म्याला जास्त आणि एरवी कमी. अप्पांचं येणं चालूच राहिलं. हिवाळा सरला, वाटा वाळल्या. काळ्या मातीची ढेकळं उन्हात दगडासारखी होतात, आणि त्यांच्यामध्ये बाभळीचे काटे नि सराटे पसरलेले असतात. अप्पांच्या सायकलचं काय होत असेल, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

एका जुम्म्याला दुपार झाली तरी ते आले नाहीत. आत्याबाई दोनदा वेशीपर्यंत जाऊन आल्या. उतरत्या दुपारी वाटेवर धडधड असा आवाज आला, रिकामी गाडी दगडांवरून जावी तसा. अप्पा सायकलवरच होते, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला अंग वर उडत होतं. उतरून त्यांनी सायकल नेहमीसारखी ओट्याला न लावता लांब निंबाखाली नेली आणि मागचं चाक झाडाकडे करून ठेवली.

मी तिकडे गेले. टायर एका बाजूनं वीतभर फाटलेलं होतं आणि आतून वाळलं गवत डोकावत होतं. ट्यूब त्यांनी काढून कॅरियरला बांधली होती. वाटेत बांधावरचं गवत कापून, पीळ घालून टायरमध्ये ठासलं होतं आणि तसेच तीन कोस आले होते.

"अप्पा, हे असं कधीपासून हाय?"

"आज फाटलं." मग म्हणाले, "रबर झिजून आतलं कापड मागंच दिसायला लागलं व्हतं. लढाईपायी टायर मिळंना झालेत. सगळं रबर फौजेला जायलंय."

आत्याबाईंनी घरातून दाभण आणि वाखाचा बारीक दोरा आणून दिला. पोती शिवायचं दाभण. मी गवत उपसलं, टायर आतून पुसलं आणि शिवायला बसले. रबर दाट, दाभण आत जाईना. आत्याबाईंनी टायर दोन्ही गुडघ्यांत धरलं, मी खलबत्त्याच्या दस्त्यानं दाभण ठोकलं. आतून जुन्या चामड्याचा तुकडा घातला, म्हणजे दोऱ्याच्या गाठी ट्यूबला टोचायला नकोत. अप्पांनी ट्यूबला ठिगळ लावलं. तिघंही त्या एका टायरभोवती बसलो होतो.

शिवता शिवता मी म्हणाले, "अप्पा, तुमी आता येऊ नका. मी बरी हाय. तुमाला रोज परभणीला जायचं असतंय, सायकलच मोडली तर काय करताल?"

अप्पा ट्यूबवर अंगठा दाबून बसले होते. त्यांनी अंगठा काढला नाही.

"मग मी जुम्म्याला काय करू?" ते म्हणाले.

त्यांचा आवाज इतका साधा होता की मला दाभण खाली ठेवावं लागलं. ते माझ्यासाठी येतात एवढंच मी धरून चालले होते. पेडगावच्या घरात ते एकटे, स्वतःच्या हातानं स्वैपाक करून जेवणारे, सुट्टीच्या दिवशी कुणाशी बोलत असतील, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. आत्याबाई टायर तसंच गुडघ्यांत धरून म्हणाल्या, "टायर नवं घ्यायला पायजे. शिवण किती दिवस टिकंल."

शिवण तीन जुम्मे टिकली. तिसऱ्या वेळी आत्याबाईंनीच ठरवलं. परभणीला त्यांची बहीण होती, तिला भेटायचं निमित्त काढलं आणि सूनही बरोबर येईल असं घरात सांगून टाकलं. खरं कारण कळल्यावर माझ्या मालकांनी आश्चर्यानं विचारलं, "टायर घ्यायला बायामान्सं कशाला?" त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "कापड तू घेतूस तवा हात लावून बघतूस का न्हाई? टायरात बी कापडच असतंय. हिच्या हाताला कळतंय." मी चकित झाले. टायर शिवताना मी फाटलेल्या कडेचा एक धागा ओढून पाहिला होता, ते त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

जिंतूरहून येणारी मोटार पकडून आम्ही परभणीला उतरलो. अप्पा जिनातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आले होते. स्टेशनाकडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. पांढरी दाढी, बोटं कायमची काळी. अर्धं दखनी, अर्धं मराठी बोलायचे. अप्पांना ओळखत होते. आम्हा दोघींना पाहून त्यांनी घाईनं एक बाकडं पुसलं.

"बोलो अप्पा, क्या होना?"

"मागचं गेलं. पुढचं बी जायला आलंय. दोन टायर दाखवा, बेतातली."

मिस्त्रींनी तीन प्रकारची टायर काढली. पहिलं विलायती, लढाईच्या आधीचं, कागदात गुंडाळून ठेवलेलं. नक्षी ठसठशीत, रंग तेजदार. अप्पांची नजर त्याच्यावर खिळली. दुसरं नवंकोरं, चकचकीत काळं आणि त्यातल्या त्यात स्वस्त. त्याची जोडी होती. तिसरं वापरलेलं. एका गिरदावराची, म्हणजे महसूल खात्यातल्या अंमलदाराची, सायकल मोडीत निघाली, तिचं उतरवलेलं. वरची नक्षी अर्धी झिजलेली, रंग मातकट.

"हात लावू का?" मी मिस्त्रींना विचारलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला होता, आवाज कसाबसा निघाला.

"लगाव बेटी, देखने को तो रख्खा."

विलायती टायर मी हातात घेऊन वाकवलं. वाकलं त्या जागी बारीक बारीक चिरा उघडल्या, उन्हाळ्यात रान भेगाळतं तशा. सोडलं की चिरा मिटल्या, पुन्हा चकचकीत. मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "पडून पडून सुकलं ते. मैं बोलनेवालाच था."

मग स्वस्तातलं उलटं करून आतलं कापड पाहिलं. विरळ होतं, धाग्यांच्या मधून रबर दिसत होतं. कडेला एक धागा सुटलेला होता. मी तो अंगठ्यांत धरून ओढला. जोर लावायचीही गरज पडली नाही, धागा पिंजल्यासारखा तुटला. अप्पांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला आणि परत दिला.

गिरदावराचं टायर जड होतं. आतलं कापड दाट, दोन थर, एक इकडे तिरपा तर दुसरा तिकडे. कडेची तार मी बोटांनी सगळीकडून दाबत गेले. कुठे गंज नाही, कुठे मोड नाही. एका कापलेल्या जागी धाग्याचं टोक मिळालं. ओढलं, तुटलं नाही. आणखी ओढलं तर माझ्याच बोटाला कापलं.

"अप्पा, हे घ्या," मी म्हणाले.

"जुनं हाय ते. आन् एकच हाय," अप्पा म्हणाले. "या दोन नव्यांच्या किमतीत हे एक येतंय. माझी दोन चाकं हायत."

"वजन सगळं मागच्या चाकावर असतंय. पुढच्याला एवढं झिजायचं काम न्हाई. मागं हे टाका, पुढचं हाय तेच चालू द्या. ती दोन घेतली तर पावसाळ्याआधी दोन्ही जातील, मग परत हितंच याल."

मी इतकं सलग कितीतरी महिन्यांत बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मलाच ते जाणवलं आणि मी पदर आणखी पुढे ओढला. अप्पा टायरकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मग ते मिस्त्रींना म्हणाले, "पोरगी म्हणती ते टाका."

मिस्त्रींनी दुकानाबाहेरच्या झाडाखाली सायकल उलटी करून चाक काढलं. माझं शिवलेलं टायर उतरवून त्यांनी ते टाके निरखून पाहिले, आणि विचारलं की हे कुणी केलं. अप्पांनी आम्हा दोघींकडे बोट दाखवलं. त्या टायरचा धड राहिलेला भाग त्यांनी कापून घेतला आणि पुढच्या टायरमध्ये, जिथं कापड उघडं पडलं होतं तिथं, आतून बसवला. याला गेटर म्हणतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

चाक बसल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "मिस्त्री, किती दिवस चालंल हे?"

"माजी, हवा पूरी रख्खे, धूप में नै रख्खे, तो दो साल कहीं नै गया."

"हवा कमी असली तर?"

"कमी हवा में बाजू से फटता. रस्ता नै मारता टायर को, कमी हवा मारती."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

परतीच्या मोटारीत आम्ही दोघी शेजारी बसलो. गर्दी होती, खांद्याला खांदा लागत होता. झरी मागे पडल्यावर आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुझ्या मालकाच्या आधी माझे दोन गेले. एक आठ महिन्याचा, एकाचं तर नावबी ठिवलं न्हवतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला कुणी हे सांगितलं नव्हतं.

"माझा बाप लय लांब व्हता. त्याला कळलं तवा हंगाम आला व्हता, मग न्हाईच आला." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुझा बाप येतूय तर येऊ दे. त्याला नको म्हणू नगंस."

मी त्यांचा हात धरला. असा हात धरायची आमच्यात पद्धत नव्हती. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, बोरी येईपर्यंत.

पुढचे जुम्मे वेगळेच झाले. अप्पा आले की आत्याबाई आधी घागर आणायच्या आणि मग सायकलकडे जायच्या. मागच्या टायरवर अंगठा दाबून बघायच्या. अंगठा जरासा जरी रुतला तरी म्हणायच्या, "ईवाई, हवा भरा." माझ्या मालकांना बाजारातून एक पंप आणायला लावला होता, तो त्या कोनाड्यात ठेवायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. सायकल उन्हात राहू नये म्हणून त्यांनी गोठ्यात जागा केली. त्यापायी गाय तासन् तास बाहेर निंबाखाली बांधलेली असायची. मालक म्हणाले, "आई, गाईला ऊन लागायलंय." आत्याबाई म्हणाल्या, "गाय सावलीमागं सरकती. सायकल सरकती का?"

अप्पांना हे सगळं अवघड वाटायचं. पण सायकल गोठ्यात लावताना ते हँडल दोनदा सरळ करायचे, म्हणजे ती कुणाच्या मध्ये येऊ नये.

पावसाळ्यात त्यांचं येणं तुटक झालं. काळी माती चाकाला धरली की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दुधनेला पाणी असेल तर तेही नाही. पोळ्याला आले तेव्हा मला दिवस गेले होते. आत्याबाईंनी ते अप्पांना सांगितलं नाही, मीही नाही. अप्पांनी चिमूट हातावर ठेवली, जुन्या साठ्यातली. मी ओढून सांगितलं. ते म्हणाले, "बराबर," आणि मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. जाताना आत्याबाईंना म्हणाले, "हिला आता आडाचं पानी वढू देऊ नका." त्यांना कसं कळलं, कुणास ठाऊक.

मुलगा झाला, उन्हाळ्याच्या तोंडावर. पहिले दोन दिवस मी झोपलेच नाही. आत्याबाई माझ्या उशाशी बसून होत्या, त्याही झोपल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अप्पा कामाला निघायच्या आत गाठावं म्हणून कोंबडं आरवायच्या आधीच त्यांनी मालकांना सायकल मागून आणायला लावली आणि पेडगावला पिटाळलं. जुम्मा नव्हता, तरी काम बुडवून दुपारच्या आत अप्पा आले. ओट्यावर बसायला लागले तशा आत्याबाई दारात आल्या.

"हितं न्हाई. आत या. ताट वाढलंय."

अप्पांनी पायातलं काढलं. आत येऊन बाळाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. हात वाटेच्या धुळीनं भरले होते. आधी जेवले. वरण आणि भाकरी होती, वांग्याची भाजी. ते खाली मान घालून जेवत होते आणि आत्याबाई न विचारता वाढत होत्या. भाकरी संपली की दुसरी. तिसऱ्या भाकरीला ते नको म्हणाले, तरी त्यांनी वाढली आणि अप्पांनी खाल्ली. मग हात धुऊन त्यांनी बाळ मांडीवर घेतलं.

सव्वा महिना झाल्यावर बाळाला पेडगावला न्यायचं ठरलं. आत्याबाई म्हणाल्या, मी पोहोचवून येते. मालकांनी गाडी जुंपली, खाली कडबा पसरून वर गोधड्या टाकल्या. मी बाळाला घेऊन आत बसले, आत्याबाई पाठ देऊन वारा अडवत बसल्या. अप्पा आदल्या दिवशी येऊन राहिले होते. त्यांना गाडीत बसा म्हटलं तर नको म्हणाले, सायकल कुणी आणायची. ते सायकलवर आमच्या मागोमाग निघाले.

बैल बाळासाठी मुद्दाम सावकाश चालवले होते. इतके सावकाश की सायकल तेवढ्या चालीनं चालेना. ती डगमगायची, अप्पा पाय टेकायचे, गाडीला थोडं पुढं जाऊ द्यायचे आणि मग पुन्हा पाय मारून आम्हाला गाठायचे. मी मागे तोंड करूनच बसले होते. आत्याबाई हसून म्हणाल्या, "ईवाई, तुमी व्हा की पुढं. आमी येतो मागून."

"न्हाई," अप्पा म्हणाले, "मला कुटं घाई हाय," आणि पुन्हा पाय टेकून उभे राहिले.